सॉफ्टवेअरची बांधणी-चिठ्ठी : वाचायची कशी आणि कशाने?

आपल्या बाजारपेठेतील बऱ्याच पेढ्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत हिशेबाचे, स्टॉकचे किंवा ऑर्डरचे सॉफ्टवेअर स्वतःच्या मापाने बनवून घेतले आहे. बाजारातून तयार पाकीट आणणे वेगळे आणि एखाद्या होतकरू मुलाकडून किंवा लहान कंपनीकडून आपल्या धंद्याप्रमाणे शिवून घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पैसा जास्त जातो आणि पुढे अडचणही जास्त येते. बनवणारा मुलगा दोन-चार वर्षांनी आखाती देशात नोकरीला निघून जातो, किंवा ती कंपनीच गुंडाळली जाते. पेढीच्या हाती उरते ते एक फोल्डर. नवा माणूस बोलावला की तो फोल्डर उघडतो, मान हलवतो आणि म्हणतो, "सेठ, यात काही दम नाही, सगळे पहिल्यापासून लिहावे लागेल." मालक बिचारा काय बोलणार? त्याला कापड कळते, फोल्डर कळत नाही.

हे म्हणणे खरे की खोटे, याचा पहिला पुरावा त्याच फोल्डरमध्ये असतो. बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर एक-दोन लहान फाइली असतात. हे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत लिहिले, कोणाकोणाचे तयार भाग त्यात बसवले, त्या भागांची कोणती आवृत्ती घेतली आणि सगळे जोडून चालू कसे करायचे, हे त्यांत लिहिलेले असते. इंग्रजीत त्यांना बिल्ड कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. या लेखापुरते आपण तिला बांधणी-चिठ्ठी म्हणू. ती वाचणारी अवजारे मोफत मिळतात, कायदेशीरपणे मिळतात आणि ती चालवायला कॉम्प्युटर इंजिनियर व्हावे लागत नाही. घरातला बारावी झालेला, थोडी इंग्रजी अक्षरओळख असलेला मुलगा किंवा मुलगी आठवडाभरात हे शिकू शकते.

आधी चिठ्ठी म्हणजे काय ते पाहू

ग्रे कापडाच्या दलालाने कागदावर लिहिले : ६० × ६० / ९२ × ८८, ४८ इंच. आपल्या धंद्यात वाढलेल्या माणसाला यात काही समजवावे लागत नाही. ताण्याला ६० काउंटचे सूत, बाण्याला ६० चे, इंचात ताण्याचे ९२ तार, ८८ पिक, पन्हा ४८ इंच. केंब्रिकची ओळखीची क्वालिटी. आता हीच चिठ्ठी किराणा दुकानदाराला दाखवा. आकडे तेच, अक्षरे तीच, पण त्याला ते पाच आकड्यांपलीकडे काही दिसणार नाही. त्यातही काही व्यापारी रीड-पिक आधी लिहितात आणि काउंट मागाहून. आपण गोंधळत नाही, कारण कोणता आकडा कुठल्या जागी बसतो हे आपल्या डोक्यात आधीच बसलेले आहे. यंत्राच्या डोक्यात मात्र ते कोणीतरी घालावे लागते.

लिहिलेल्या मजकुराचे असे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची जागा आणि नाते ठरवणे याला संगणकाच्या जगात पार्सिंग म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्यांनी ‘व्याकरण चालवा’ हा प्रश्न सोडवला असेल. उर्दू शाळेत त्याला तरकीब-ए-नहवी म्हणत. उस्ताद फळ्यावर जुमला लिहीत, ‘अहमद ने किताब पढ़ी’, आणि विचारत की यात फेल कोणता, फाइल कोण, मफऊल कोण. (हा उर्दूतला फाइल म्हणजे कर्ता, संगणकातली फाइल नव्हे. माझ्यासारख्याला सुरुवातीला या एका शब्दाने बराच गोंधळात टाकले होते.) यंत्रही नेमके हेच करते. आधी मजकुराचे शब्द सुटे करते, मग कोणता शब्द कोणाखाली येतो याचा शजरा मांडते. घराण्याच्या शजऱ्यात जसे आजोबा वर, त्याखाली वडील-चुलते आणि त्याखाली नातवंडे, तसेच इथे प्रकल्प वर, त्याखाली वापरलेल्या भागांची यादी, त्याखाली प्रत्येक भागाचे नाव आणि आवृत्ती.

तुकडे कुठे पाडायचे हे महत्त्वाचे असते. ‘रोको मत जाने दो’ या वाक्यात स्वल्पविराम ‘रोको’नंतर दिला तर माणूस अडकतो, ‘मत’नंतर दिला तर सुटतो. बांधणी-चिठ्ठ्यांमध्येही असेच घडते. सर्वांत जुन्या चिठ्ठ्यांपैकी एक म्हणजे मेकफाइल. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ नावाचे अवजार लिहिले आणि ते आजही जगभर चालते. त्याच्या चिठ्ठीत हुकमाची ओळ टॅब या कळीने सुरू करावी लागते. टॅबऐवजी आठ वेळा स्पेस दाबली तर डोळ्याला दोन्ही सारखेच दिसते, पण मेक थांबते आणि ‘मिसिंग सेपरेटर’ अशी तक्रार करते. नव्या मुलांचे तास यात वाया जातात. फेल्डमन यांनी पुढे सांगितले आहे की ही गैरसोय त्यांच्या लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक, बहुतेक दोस्तच, ते अवजार वापरू लागले होते आणि त्यांचे काम बिघडू नये म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. त्या बारा दोस्तांच्या लिहाजापायी पुढच्या लाखो लोकांना टॅब दाबावी लागते आहे. आपल्याकडेही वहीची एखादी जुनी पद्धत अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

नुसता शब्द शोधून का भागत नाही?

फाइलीत एखादा शब्द शोधण्याचे ‘ग्रेप’ नावाचे अवजार आहे, तेही मोफत. पुष्कळ लोक त्यावरच काम भागवतात. यातला धोका एका खऱ्या प्रकरणावरून कळेल.

जावा भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लॉग-फोर-जे’ नावाचा एक मोफत भाग फार वापरला जातो. सॉफ्टवेअरमध्ये काय काय घडले याची रोजनिशी लिहिणे एवढेच त्याचे काम. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले की त्याच्या दुसऱ्या पिढीतील २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये भयंकर दोष आहे. बाहेरच्या माणसाने विशिष्ट तऱ्हेची एक ओळ कुठेही टाइप केली, अगदी लॉग-इनच्या चौकटीत, आणि ती रोजनिशीत उतरली, की सर्व्हर बाहेरून परका कोड आणून चालवू शकत होता. दोषाच्या गांभीर्याला १० पैकी १० गुण दिले गेले. पहिली दुरुस्ती २.१५.० मध्ये आली, ती अपुरी निघाली, मग २.१६.० आणि २.१७.० आल्या. त्या दिवसांत जगभर मोठ्या बँकांपासून लहान दुकानांपर्यंत सगळ्यांपुढे एकच सवाल होता : आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भाग आहे का, आणि असेल तर कोणत्या आवृत्तीचा?

उत्तर चिठ्ठीत होते. जावाच्या जगात मेव्हन नावाचे बांधणीचे अवजार फार चालते आणि त्याच्या चिठ्ठीचे नाव पॉम-डॉट-एक्सएमएल. तिथे ग्रेपने लॉग-फोर-जे हा शब्द शोधला तर काय होते पाहा. शब्द सापडला, पण ती ओळ लिहिणाऱ्याने टीप म्हणून झाकून ठेवलेली असू शकते, म्हणजे ती लागूच नाही. किंवा तो शब्द ‘एक्स्क्लूजन’ या खान्यात असतो, म्हणजे ‘हा माल घेऊ नका’ असे लिहिलेले असते आणि शोधणारा समजतो की माल घेतला आहे. किंवा तो भाग फक्त चाचणीच्या वेळी लागणारा असतो, गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या मालात तो नसतो. तीनही वेळा शब्द तोच आहे. तो कोणत्या खान्यात बसला आहे हे शजरा मांडल्याशिवाय समजत नाही.

उलट बाजूची चूक अधिक महाग पडते. चिठ्ठीत शब्द मुळीच सापडत नाही, पण माल आलेला असतो. आपण ज्या विणकराकडून कापड घेतो त्याने सूत कोणाकडून घेतले हे आपल्या बिलावर लिहिलेले नसते. तसेच इथे. तुम्ही एक भाग घेतला, त्याने दुसरा घेतला, त्याने तिसरा म्हणून लॉग-फोर-जे घेतला. यासाठी मेव्हनलाच विचारावे लागते. त्याची ‘डिपेंडन्सी ट्री’ ही आज्ञा दिली की आत आलेल्या सर्व भागांची उतरंड पडद्यावर येते, कोण कोणाच्या हाताने आला यासकट. जानेवारी २०२२ उजाडेपर्यंत या एका आज्ञेने किती लोकांची झोप परत मिळवून दिली असेल याचा अंदाज करवत नाही.

कोणत्या चिठ्ठीला कोणते अवजार?

चिठ्ठ्या अनेक लिपींत लिहिलेल्या असतात असे समजा. लिपी ओळखली की अवजार ठरते.

मेव्हनची चिठ्ठी एक्सएमएल या पद्धतीत असते. प्रत्येक गोष्टीच्या मागेपुढे कोनी कंसात तिचे नाव. ती वाचायला ‘एक्सएमएल-लिंट’ हे अवजार पुरते. लिनक्सवर ते बहुधा आधीच असते, नसेल तर एका आज्ञेने बसते. पहिले काम, चिठ्ठी व्याकरणाने बरोबर आहे का ते पाहणे. कंस उघडला आणि बंद केला नाही तर ते ओळ क्रमांकासह सांगते. दुसरे काम, ‘सर्व डिपेंडन्सी काढून दे’ असे विचारणे. इथे एक खोच आहे, जिच्यात नवखा हमखास अडकतो. पॉम फाइलीच्या पहिल्याच ओळींत एक लांब पत्ता लिहिलेला असतो, तो तिच्या घराण्याचे नाव असतो. आपण नुसते ‘डिपेंडन्सी’ म्हणून विचारले तर अवजार म्हणते, काही सापडले नाही. कारण त्याच्या मते फाइलीतल्या डिपेंडन्सी ‘मेव्हन घराण्याच्या’ आहेत आणि आपण बिनघराण्याच्या मागितल्या. घराण्याचे नाव सांगून किंवा ‘घराणे न पाहता नावावरून शोध’ असे सांगून विचारले की पूर्ण यादी येते. रिकामे उत्तर आले म्हणून फाइल रिकामी आहे असे समजून पुढे जाऊ नये.

आणखी एक. आवृत्तीच्या जागी पुष्कळदा आकडा नसतो, डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंसात एक नाव असते. म्हणजे ‘भाव वरच्या यादीप्रमाणे’. ती यादी त्याच फाइलीत वर असते किंवा तिच्या ‘पेरेंट’ चिठ्ठीत, म्हणजे दुसऱ्याच फाइलीत. अशा वेळी मेव्हनची ‘इफेक्टिव्ह पॉम’ ही आज्ञा द्यावी. ती सगळे संदर्भ सोडवून शेवटी जी चिठ्ठी लागू होते ती पूर्ण लिहून देते.

वेबसाइट आणि मोबाइलच्या कामात पॅकेज-डॉट-जेसन ही चिठ्ठी भेटते. जेसन ही पद्धत सोपी आहे : नाव, मग विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे, मग किंमत. तिच्यात टीप लिहायला परवानगी नाही, त्यामुळे झाकलेल्या ओळींचा घोळ नाही. ती वाचायला ‘जेक्यू’ हे अवजार आहे. स्टीफन डोलन यांनी ते २०१२ मध्ये मोकळे केले. ‘डिपेंडन्सीज खाना दाखव’ म्हटले की तेवढाच दाखवते. इथे आवृत्तीच्या आकड्यापुढे बहुधा टोपीसारखे चिन्ह असते. टोपी घातलेले ४.१७.१ म्हणजे ४.१७.१ किंवा त्यापुढचे, पण ५ च्या आतले काहीही चालेल. म्हणून चिठ्ठीत लिहिलेली आवृत्ती आणि प्रत्यक्ष बसवलेली आवृत्ती वेगळी असू शकते. प्रत्यक्ष काय बसले ते शेजारच्या ‘लॉक’ फाइलीत असते. ऑर्डर आणि चलन यांत जो फरक, तोच हा. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना दोन्ही मागावीत. लॉक फाइल नसेल तर चार वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे पुन्हा उभे करणे फार अवघड जाते. नवा माणूस "पहिल्यापासून लिहावे लागेल" म्हणतो त्यात कधीकधी एवढेच कारण असते.

तिसरी पद्धत याम्‌ल. ती माणसाला वाचायला सर्वांत सोपी वाटते आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवते. तिच्यात कंस नसतात, समासावरून नाते ठरते. ओळ किती आत सरकली आहे त्यावरून ती कोणाखाली आली हे समजायचे. शिवाय ती मदत करायला जाऊन अर्थ बदलते. पायथन या भाषेची ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. अनेकांनी चिठ्ठीत ‘३.१०’ लिहिले. याम्‌लने तो दशांश आकडा समजून शेवटचे शून्य टाकून दिले, कारण गणितात ३.१० आणि ३.१ एकच. यंत्र ३.१ ही फार जुनी आवृत्ती शोधत बसले. भाव लिहिताना तीन रुपये दहा पैसे आणि सव्वातीनच्या आतबाहेरचे सगळे व्यवहार आपण करतो, तिथे ३.१० आणि ३.१ एकच असतात हे ठीक. पण आवृत्ती हा भाव नव्हे, ते नाव आहे. त्याला अवतरण चिन्हे घालावी लागतात.

निर्यातदारांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नॉर्वे देशाचे दोन अक्षरी संक्षिप्त नाव इंग्रजीत ‘एन-ओ’ आहे. याम्‌लच्या जुन्या १.१ नियमांत ‘नो’ म्हणजे नकार. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी ‘असत्य’ असे उतरते. २००९ च्या १.२ नियमांत हे काढून टाकले, परंतु पायथनमधील प्रसिद्ध वाचक पाय-याम्‌ल अजून जुन्याच नियमाने वाचतो. त्याच कारणाने ‘ऑन’ हा शब्द ‘सत्य’ होतो, आणि गिटहबच्या स्वयंचलित कामांच्या चिठ्ठीत तर ‘ऑन’ हे एक मुख्य खान्याचेच नाव आहे.

चौथी टॉम्‌ल. २०१३ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सुचवली, तिचे नियम कडक आहेत आणि पायथनच्या ३.११ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, तिचा वाचक पायथनमध्येच बसवलेला आहे. तिच्याबद्दल जास्त लिहायला नको, ती त्रास देत नाही.

चिठ्ठीच जेव्हा हुकूम असते

आतापर्यंतच्या चिठ्ठ्या म्हणजे माहितीचे कागद. वाचल्याने काही घडत नाही. पण काही चिठ्ठ्या स्वतःच प्रोग्राम असतात. पायथनची जुनी सेटअप-डॉट-पीवाय तशी होती. तिच्यातली सामानाची यादी पाहायची तर ती चालवावी लागे, आणि चालवली की आत लिहिलेले काहीही घडू शकत असे. २०१६ मध्ये पायथनवाल्यांनी बांधणीसाठी काय लागते ते टॉम्‌लच्या साध्या चिठ्ठीत लिहावे असा मार्ग ठरवला, त्यामागे ही अडचण होती. तरी जुन्या फाइली पुष्कळ फिरत आहेत. त्या न चालवता वाचायला पायथनमध्येच ‘एएसटी’ नावाचा भाग आहे. तो प्रोग्रामचा शजरा मांडून देतो, चालवत नाही. ग्रेडल या अवजाराची चिठ्ठीही ग्रूव्ही किंवा कोटलिन भाषेतला प्रोग्रामच असते. तिथे बाहेरून अंदाज करण्यापेक्षा ग्रेडललाच ‘डिपेंडन्सीज’ विचारणे बरे, पण त्यासाठी ती चालवावी लागते हे ध्यानात ठेवून, म्हणजे हिशेबाच्या मुख्य मशीनवर नव्हे, वेगळ्या मशीनवर.

पॅकेज-डॉट-जेसन साधी दिसली तरी तिच्यात ‘स्क्रिप्ट्स’ नावाचा खाना असतो. त्यातील काही हुकूम सामान बसवताना आपोआप चालतात. म्हणून परक्या फोल्डरमध्ये थेट ‘इन्स्टॉल’ म्हणू नये. आधी जेक्यूने तो खाना उघडून वाचावा. याम्‌लच्या बाबतीतही पाय-याम्‌लमध्ये ‘सेफ लोड’ नावाचा सावध मार्ग आहे, तोच वापरावा. कारण त्याच्या बेसावध मार्गात फाइलीतूनच हुकूम चालवता येतो.

जॅकार्डचे पुठ्ठे आठवून पाहा. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ-मारी जॅकार्ड यांनी ते यंत्र पुढे आणले. पुठ्ठ्यावर भोक असेल तर आकडा वर उचलला जातो, नसेल तर नाही. त्यावरूनच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. पण पुठ्ठा काठाची बुट्टी फार तर बिघडवील, तो तुमच्या तिजोरीला हात घालू शकत नाही. बांधणी-चिठ्ठी घालू शकते.

एक नुक्ता

हे अतिशयोक्त वाटेल म्हणून २०२४ चे प्रकरण सांगतो. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर ‘एक्सझेड’ नावाचे फाइली दाबून लहान करणारे मोफत अवजार असते. ते एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना मदत करून विश्वास मिळवला आणि शेवटी आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकारही मिळवला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याने चोरवाट ठेवली. चोरवाटेचा माल चाचणीच्या नमुना फाइलींत लपवला होता आणि तो बाहेर काढून जोडण्याचे काम एका बांधणीच्या फाइलीला दिले होते. ही बदललेली बांधणीची फाइल सर्वांना दिसणाऱ्या मूळ साठ्यात नव्हती, फक्त डाउनलोडच्या गठ्ठ्यात होती. म्हणजे नमुना एक दाखवला आणि गठ्ठ्यात दुसरा माल बांधला.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते जगाला सांगितले. त्यांना संशय आला तो एवढ्यावरून की सर्व्हरवर लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्यांनी दुर्लक्ष केले नाही, माग काढत गेले. चोरवाट जगभरच्या मुख्य सर्व्हरवर पोहोचायच्या आत पकडली गेली.

यानंतर लोकांनी जुने बदल तपासले तेव्हा आणखी एक गोष्ट हाती लागली. सीमेक या अवजाराच्या चिठ्ठीत एक छोटी चाचणी होती : ‘या मशीनवर लँडलॉक नावाची सुरक्षा उपलब्ध आहे का? हा नमुना प्रोग्राम जुळवून पाहा. जुळला तर सुरक्षा चालू कर.’ त्या नमुना प्रोग्राममध्ये एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब होते. फक्त एक टिंब. त्यामुळे नमुना कधीच जुळत नसे, सीमेक समजे की या मशीनवर ती सुरक्षा नाही, आणि मुकाट्याने ती बंद ठेवून पुढे जाई. उर्दू शिकलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही. ‘दुआ’ या शब्दातल्या ऐनवर एक नुक्ता पडला की त्याचा ‘दगा’ होतो.

इथे अवजारांची मर्यादाही दिसते. ती चिठ्ठी सीमेकच्या व्याकरणाने अगदी बरोबर होती, कारण टिंब तिच्या आतल्या दुसऱ्या भाषेच्या मजकुरात होते. पार्सर शजरा मांडून देतो, शजऱ्यातला माणूस कसा आहे ते सांगत नाही. ते पाहायला वाचणारा लागतो. अल्-ख्वारिज्मींच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला हे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्या अभिमानाबरोबर महिन्यातून एकदा आपल्या पेढीच्या चिठ्ठ्या उघडून पाहणारे एक मूल प्रत्येक घरात असले तर जास्त बरे.

मालकाने काय मागावे?

आपल्या सॉफ्टवेअरच्या सर्व भागांची एकत्र यादी बनवणारी मोफत अवजारेही आता आहेत. सिफ्ट हे त्यातले एक. ते फोल्डरमधील वेगवेगळ्या चिठ्ठ्या आणि लॉक फाइली वाचून एकच यादी काढते. अशा यादीला इंग्रजीत ‘एसबॉम’, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सामानाची यादी, म्हणतात. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याबद्दल मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पुढेमागे परदेशी खरेदीदार कापडाच्या टेस्ट रिपोर्टप्रमाणे ही यादीही मागू लागले तर नवल वाटू नये.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सॉफ्टवेअर बनवून घेण्याचा व्यवहार मात्र बहुधा चहाच्या टेबलावर तोंडी ठरतो. त्यात आगाऊ रक्कम असते, पुढच्या दुरुस्तीचा वायदा असतो, म्हणजे देणे-घेणे लांबणीवर पडलेले असते. तो कागदावर यावा आणि कागदात लिहिलेले असावे की शेवटचा हप्ता देताना मूळ कोड, सर्व बांधणी-चिठ्ठ्या, लॉक फाइली आणि सामानाची यादी मालकाच्या ताब्यात दिली जाईल. शिवाय बनवणाऱ्याने आपल्या समोर, एका कोऱ्या मशीनवर, त्या फोल्डरमधून सॉफ्टवेअर एकदा उभे करून दाखवावे. हे जमले तर चिठ्ठी खरी. काही तरी राहिले असेल तर त्याच वेळी कळते, माणूस दुबईला गेल्यावर नव्हे.

परवान्याचा खानाही पाहावा. एमआयटी आणि अपाची परवान्याचे भाग धंद्यात वापरायला मोकळे असतात, फक्त मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर काढून टाकायचा नसतो. जीपीएल परवान्याचा भाग आपल्या पेढीत वापरायला काही अडचण नाही, पण तो घातलेले सॉफ्टवेअर आपण दुसऱ्याला विकले तर त्याला मूळ कोडही द्यावा लागतो. बाजारात चोरीच्या प्रती अजून सर्रास चालतात आणि "सगळेच करतात" म्हणून आपलेही लोक त्या वापरतात. दुसऱ्याची मेहनत त्याच्या मर्जीविना घेणे कोणत्या खात्यात जाते ते प्रत्येकाला ठाऊक आहे. वर सांगितलेल्या अवजारांत ती भानगड नाही. ज्यांनी बनवली त्यांनी खुशीने मोकळी केली आहेत.

सुरुवात करायला नवा संगणक लागत नाही. दुकानात बाजूला पडलेल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकावे, पेढीच्या फोल्डरची नक्कल त्यावर घ्यावी, मूळ फोल्डरला हात लावू नये. जेसनची चिठ्ठी आणि जेक्यू यांच्यापासून आरंभ करावा, कारण तिथे उत्तर लगेच दिसते. मग एक्सएमएल, आणि याम्‌ल सर्वांत शेवटी.